बाबांच्या स्पीकरचं खातं माझ्या नावावर आहे, आणि मी नको ते ऐकलं

मिरजेची_सुजाता
सोमवार, रात्री १०:१५

जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आई-बाबा मिरजेत, ब्राह्मणपुरीत. मी पुण्यात, वाकडला. धाकटा भाऊ मेलबर्नला. बाबा रेल्वेतून निवृत्त, वय ७८. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू नव्हे, पडद्याचा त्रास. समोरच्याचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसतो, कडा तेवढ्या दिसतात. पेपर सुटला आणि बाबा चिडचिडे झाले. म्हणून मागच्या पाडव्याला मी तो बोलण्यावर चालणारा स्पीकर घेऊन गेले. स्वयंपाकघराच्या दारापाशी फडताळ आहे, त्यावर ठेवला. खातं माझ्याच ईमेलवर उघडलं. बाबांचा ईमेल भावाने केव्हातरी काढून दिलेला आणि त्याचा पासवर्ड आता त्या भावालाही आठवत नाही.

कंपनी कुठली ते मुद्दाम लिहीत नाही. धागा त्या वादात जायला नको.

बाबांचं आणि त्या डब्याचं छान जमलं. बाबा त्याच्याशी हिंदी बोलतात, तीही रेल्वेची हिंदी. "भीमसेनजी का अभंग लगाव." "कोयना आज कितना लेट है." (ते त्याला सांगता येत नाही. बाबा तरी रोज विचारतात.) रात्री साडेआठला तो गोळीची आठवण करतो आणि बाबा त्याला "हां, ले लिया" असं उत्तर देतात, गोळी घेतलेली असो वा नसो. आई मात्र त्याच्याशी अवाक्षर बोलत नाही. म्हणते, मी काय भिंतीशी बोलू?

गुरुवारी डॉक्टरांनी एक गोळी बदलली. आठवणीची वेळ बदलायला मी इथून अॅप उघडलं. बोट भलतीकडे लागलं आणि वेगळंच पान उघडलं. आतापर्यंत त्या डब्याशी जे जे बोललं गेलंय त्याची तारीखवार यादी. सांगली में बारिश, अभंग, इंडिया का स्कोर, कोयना, पुन्हा कोयना. मला हसू आलं. मग एक ओळ दिसली: "सुजाता को कल दो नका गाडी". काहीच्या बाही. शेजारी त्रिकोणी बटण होतं, दाबलं.

नऊ सेकंद. आधी भांडं ठेवल्याचा आवाज, मग आई: "...सुजाताला कळू देऊ नका हं. पडले म्हटलं की रात्रीची गाडी काढून निघेल ती."

शेजारच्या काकूंशी बोलत होती. काकूंचं नाव आणि त्या डब्याला हाक मारायचं नाव, यांत उच्चाराला अगदी थोडा फरक आहे. (नाव लिहिलं तर तुम्हाला लगेच कंपनी कळेल.) आईने काकूंना हाक मारली, डब्याला वाटलं आपल्यालाच.

बाबा न्हाणीघरात पडले होते. तीन आठवडे झाले. त्यानंतर रोज फोनवर माझं दोघांशी बोलणं झालंय, भाजी काय केली इथपर्यंत.

मी ते नऊ सेकंद चार वेळा ऐकले. यादीत अशा आणखी सहा ओळी होत्या. त्यातल्या दोन ऐकल्या, खोटं कशाला बोलू. एकात आई-बाबा आत्याला दिलेल्या पैशांवरून भांडत होते. दुसरीत बाबा एकटेच आरती म्हणत होते, मध्येच थांबले आणि स्वतःशीच म्हणाले, "विसरलो." पुढे काही नाही. मग मी फोन उलटा ठेवून दिला.

तर, हा डबा न विचारता असं किती टिपून ठेवतो आणि माझ्याखेरीज ते कोण ऐकतं? अभंग बंद न करता हे थांबवता येतं का? आणि मुख्य म्हणजे, मला कळलंय हे आईला सांगू का? सांगितलं तर कसं कळलं तेही सांगावं लागणार.


वायरमन_ठाणे
सोमवार, रात्री ११:०२

सुजाताताई, बाबा आता बरे आहेत ना? ते आधी बघा.

आता डब्याबद्दल. कंपनी चोवीस तास सगळं ऐकून साठवते, असं व्हॉट्सअॅपवर फिरतं. तसं नसतं. माइक चालू असतो हे खरं, पण आत एक छोटा प्रोग्रॅम फक्त त्याच्या नावाचा आवाज शोधत असतो. शेवटचे काही सेकंद तो धरून ठेवतो आणि त्यावरच पुढचे लिहीत जातो, पाटी पुसून लिहावं तसं. नाव ऐकल्यासारखं वाटलं की दिवा लागतो आणि तिथून पुढचं इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातं. ते मग खात्यात नोंदलं जातं. तुम्हाला सापडलं ते हेच.

घोळ आहे तो 'वाटलं' या शब्दात. जर्मनीत बोखुमच्या रुहर विद्यापीठातल्या लोकांनी २०२० मध्ये टीव्हीवरच्या मालिका आणि बातम्या लावून ठेवून हे तपासलं होतं. भलत्याच शब्दांना स्पीकर जागे झाल्याची हजाराहून जास्त उदाहरणं त्यांना मिळाली. 'इलेक्शन' म्हटलं की अलेक्सा जागी व्हायची. आणि ही सगळी इंग्रजी, जर्मन, चिनी बोलण्यावरची तपासणी. मिरजेच्या मराठीवर कुणी केलीय? तुमच्या काकू बिचाऱ्या कुठल्याच चाचणीत नव्हत्या.

माणसं ऐकतात का? ऐकायची. एप्रिल २०१९ मध्ये ब्लूमबर्गने छापलं की अलेक्साला शिकवण्यासाठी अॅमेझॉनने हजारो माणसं नोंदी ऐकायला बसवली आहेत. बोस्टन, कोस्टारिका, रुमानिया आणि भारतातही. त्याच जुलैत बेल्जियमच्या व्हीआरटी वाहिनीला गूगल असिस्टंटच्या हजारावर नोंदी मिळाल्या. त्यातल्या १५३ ठिकाणी कुणी 'ओके गूगल' म्हटलेलंच नव्हतं. गूगलचं म्हणणं होतं की आम्ही फक्त ०.२ टक्के नोंदी तपासतो. टक्का लहान दिसतो, पण कशाचा ते बघा. अॅपलच्या सिरीचंही तेव्हाच बाहेर आलं. त्या आरडाओरड्यानंतर 'माझा आवाज तपासणीला देऊ नका' असं सांगायची सोय आली, ती वापरा.

अलेक्सा असेल तर अॅपमध्ये सेटिंग्ज, मग अलेक्सा प्रायव्हसी. तिथे नोंदी किती दिवस ठेवायच्या ते ठरवता येतं: १८ महिने, ३ महिने, किंवा ठेवायच्याच नाहीत. तपासणीची परवानगी त्याच पानावर खाली असते, ती बंद करा. गूगलचा असेल तर खात्याच्या अॅक्टिव्हिटीत जाऊन आवाजाच्या नोंदींवरची खूण काढा. गूगल २०२० पासून ती आपल्याला विचारूनच लावतं, तरी बघून घ्या. जुन्या नोंदी एकदम पुसता येतात. स्पीकर खात्यातून काढणार असाल तर आधी नोंदी पुसा. डबा गेला म्हणजे नोंदीही गेल्या असं धरून चालू नका.

डब्यावर माइक बंद करायचं बटण असतं, पण ते दाबलं की बाबांचे अभंगही बंद, आणि त्यांना ते बटण दिसणार कसं? तेव्हा जागा बदला. स्वयंपाकघराच्या दारात का ठेवलाय? घरातलं सगळं बोलणं तिथेच तर चालतं.


नागपुरी_तर्री
मंगळवार, सकाळी ७:४०

बाप्पा! एवढा मोठा किस्सा अन् उपाय एका ओळीचा. प्लग काढा, बाबांना रेडिओ घेऊन द्या. आमच्या पिढीले कोणी विचारलं नव्हतं का डबा पाहिजे म्हणून.


मिरजेची_सुजाता
मंगळवार, सकाळी ८:०५

रेडिओ आहे. सांगली आकाशवाणी लागतं त्यावर. पण काटा दिसत नाही त्यांना, आणि सरकला की "अगं ए" करत आईला बोलवावं लागतं. आई अंगणात असली तर तशीच खरखर ऐकत बसतात. डब्याला काटा नाही, एवढीच त्याची थोरवी आहे, पण बाबांना तीच हवी आहे.

वायरमनदादा, धन्यवाद. सगळं केलं. नोंदी ठेवायच्या नाहीत असं केलं. पुसायच्या आधी त्या आरतीवर पुन्हा बोट गेलं, पण नाही ऐकली. पुसली.


एडिसनचा_पाहुणा
मंगळवार, सकाळी ९:३० (इथे अमेरिकेत सोमवारची रात्र)

सुजाता, तुझा प्रश्न वाचून झोप उडाली, कारण मी तुझ्यापेक्षा एक पायरी पुढे गेलो होतो.

माझे आई-वडील डोंबिवलीत. मी त्यांच्या हॉलमध्ये पडदा असलेला स्पीकर लावला. त्यात 'ड्रॉप इन' म्हणून सोय असते. मी इथून बटण दाबलं की तिकडे कुणी फोन उचलायची गरज नाही, थेट हॉल दिसतो आणि ऐकू येतो. मला वाटलं, काय भारी! सकाळी ऑफिसला निघताना एकदा बघायचो, आई सोफ्यावर भाजी निवडताना दिसायची. कोविडच्या दिवसांत तर दिवसातून चारदा.

मग पुढे लक्षात आलं की हॉल रिकामाच दिसतोय. आई सोफ्यावर नाही, बाबा खुर्चीत नाहीत. घाबरून फोन केला तर दोघं आतल्या खोलीत पलंगावर बसून भाजी निवडत होते. आई म्हणाली, "तिथे आवरून बसावं लागतं रे." सत्तरीतली बाई स्वतःच्या घरात गाऊनवर बसायला लाजत होती, माझ्यामुळे. नंतर दिवाळीत गेलो तेव्हा त्या पडद्यावर टॉवेल वाळत घातलेला. टॉवेल ओलाही नव्हता.

आपण विचार करतो कंपनीचा, हॅकरचा. २०१८ मध्ये पोर्टलंडच्या एका जोडप्याचं घरातलं बोलणं अलेक्साच्या इको स्पीकरने परस्पर त्यांच्या ओळखीच्या माणसाला पाठवलं होतं, आठवतं? लाकडी जमिनीबद्दल बोलत होते म्हणे. अॅमेझॉनने खुलासा केला की एकामागून एक शब्द चुकीचे ऐकले गेले. माझ्या ऑफिसात आठवडाभर तोच विषय होता. आणि मी तावातावाने बोलून घरी येऊन डोंबिवलीचा हॉल उघडायचो! मार्च २०२५ मध्ये तर इथे काही इको स्पीकरवरचा 'आवाज कंपनीकडे पाठवू नका' हा पर्यायच काढून टाकला. त्यावरही मी चिडलो होतो. आईचा टॉवेल मला दिसायला दिवाळी उजाडावी लागली.

ड्रॉप इन बंद केलंय. आता घंटा वाजते आणि त्यांनी उचललं तरच दिसतं. पाचातून दोनदा उचलत नाहीत. सांगून टाक तू. ओरडेल आई, ओरडू दे.


काळा_डगला
मंगळवार, दुपारी १:२०

वकिली चष्म्यातून थोडं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात कंपन्यांना २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये असंही लिहिलंय की एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी हाताळलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही.

म्हणजे सुजाता, कंपनीने तुझ्या आईचे नऊ सेकंद गैर वापरले तर कायदा कंपनीला विचारणार. तू चार वेळा ऐकलेस तर तुला विचारायला आईशिवाय कुणी नाही. हे वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. लेकीवर त्या कायद्यातल्या डेटा बोर्डाची नोटीस निघावी असं कुणालाच वाटणार नाही. पण संमती कुणाची घेतली होतीस? 'आय अॅग्री'वर बोट तुझं होतं, आवाज त्यांचे.


कोल्हापूरची_सिस्टर
मंगळवार, सायंकाळी ६:५०

ताई मी पेशंट सांभाळायला घरोघरी जाते, बारा तासांची डूटी. मला फार लिहायला येत नाही तरी सांगते. घरात शिरल्यावर मी आधी बघते डबा कुठं आहे आणि कॅमेरा कुठं आहे. आपणहून कोण सांगत नाही. मागं एका घरी दुपारच्याला आजी झोपल्या होत्या आणि मी फोनवर पोराला रागावत होते. संध्याकाळी त्यांच्या सूनबाई पुण्यावरनं फोन करून म्हणाल्या, काय हो सिस्टर, पोरगं नापास झालं का. काळजीनंच विचारलं त्यांनी. पण मला ते लई लागलं. मी दुसऱ्या महिन्यात ते घर सोडलं.

तुमच्याकडं धुण्याभांड्याला कोण येत असेल तर तिलापण सांगा ताई.


मिरजेची_सुजाता
रविवार, रात्री ९:४५

सगळ्यांना एकत्रच लिहिते. शुक्रवारी रात्रीच निघाले आणि मिरजेला गेले. आईचं भाकीत खरं ठरलं.

दारातच आई म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?" मी म्हटलं, तूच. मग फडताळाकडे बोट दाखवलं. तिला आधी कळेना. फोनवर दाखवायला काही उरलं नव्हतं, सगळं पुसलं होतं, म्हणून तोंडीच सांगितलं. भांडं, काकू, गाडी, सगळं. आई गप्प झाली. मला वाटलं डब्यावर चिडेल. तर म्हणाली, "एकदा ऐकलंस ते चुकून. पुढच्या तीन वेळा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाबांच्या मांडीला अजून जांभळा डाग आहे, तळहाताएवढा. हाड मोडलं नाही. एक्सरे काढला होता, काकूंच्या मुलाने स्कूटरवरून नेलं होतं आणि त्याचे पैसे आईने बरणीतले दिले, खात्यातले नाहीत, कारण खात्याचा मेसेज माझ्या फोनवर येतो. यावरून माझ्या लक्षात आलं की आईने माझ्यापासून लपायच्या वाटा आधीच शोधून ठेवल्या आहेत. डबा तेवढा तिला माहीत नव्हता.

बाबांना आरतीचं सांगितलं नाही. तेवढं माझ्यापाशीच ठेवलंय. चूक असेल तर असो.

डबा आता बाबांच्या खाटेशी, खिडकीच्या कट्ट्यावर. स्वयंपाकघरातलं तिथे ऐकू जात नाही, मी दार उघडं ठेवून काकूंना पाच-सहा वेळा हाका मारून बघितलं. शेवटी काकूच धावत आल्या, "काय झालं, परत पडले का?" त्यांना बसवून सगळं सांगितलं. मी म्हटलं, आईने तुम्हाला नुसतं वहिनी म्हटलं तरी काम होईल. आई फटकन म्हणाली, "चाळीस वर्षं मी हिला नावाने हाक मारते. डब्यासाठी बदलू? डब्याचं नाव बदला."

धुणंभांडं करणाऱ्या मावशींना सिस्टर म्हणाल्या तसं सांगितलं. मावशी म्हणाल्या, मला माहितीय की, मी त्याला रोज लता मंगेशकर लावायला सांगते. ते यादीत होतं खरं. मला वाटलेलं आई लावते.

खातं आता बाबांच्या नावावर केलं. माझ्या अॅपमधून स्पीकर काढला, नवीन ईमेल, नवीन पासवर्ड, बाबांनी सांगितला तोच, माझ्याकडे लिहून ठेवलेला नाही. (पाहुणेदादा, ड्रॉप इनसारखं काही आमच्यात चालू नव्हतं, तरी शोधून बंद केलं.) गोळीची आठवण पुन्हा लावावी लागली. अडचण एकच: ओटीपी बाबांच्या बटणाच्या फोनवर येतो आणि त्यांना तो वाचता येत नाही. आईला चष्मा सापडेपर्यंत वेळ संपतो. दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा काकूंनी वाचून दाखवला, मोठ्याने, आकडा आकडा तोडून, खिडकीच्या कट्ट्यापाशी उभं राहून. तर आता पुढचे ओटीपी काकू वाचणार असं ठरलंय. वायरमनदादा, यावर काही बोलू नका.

न्हाणीघरात धरायला स्टीलचा दांडा बसवून घेतला. ड्रिल मारताना दोन फरशांना तडे गेले, त्या रंगाच्या फरश्या आता मिळत नाहीत. कुणाला सांगली-मिरजेकडे जुन्या फरश्यांचं दुकान माहीत असेल तर सांगा, नाहीतर वेगळा धागा काढते.